उजवा दिवा काय सांगतो?



बचत गटाच्या कामासाठी आता आपल्यातल्या कितीतरी जणी स्कूटीवरून तालुक्याला जातात. म्हणून आज रस्त्यावरच्या भाषेबद्दल बोलूया. ही भाषा दिव्यांची, हॉर्नची आणि हाताची. घोटाळा असा, की एकाच खुणेचे दोन-तीन अर्थ निघतात.

माझंच सांगते. दिवाळीच्या आधी फराळाची पाकिटं घेऊन मी बाजाराला निघाले होते. पुढच्या ट्रकचा उजवा इंडिकेटर लुकलुकायला लागला. आमच्याकडे सगळे सांगायचे, "ट्रकवाल्यानं उजवा दिवा दिला की साइड दिली समजायचं." मी गाडी पुढं काढली, आणि ट्रक खरोखरच उजवीकडे पंपावर वळला! ब्रेक दाबला, गाडी आडवी झाली, कोपर सोललं, पाकिटं रस्त्यावर. ड्रायव्हरदादा घाबरून खाली उतरले. म्हणाले, "ताई, मी इंडिकेटर दिला होता की!"

त्यांचं बरोबर होतं. नियमानं उजवा इंडिकेटर म्हणजे "मी उजवीकडे जातोय" एवढंच. पण काही चालक तोच दिवा "या पुढं" म्हणून देतात, तर काही "समोरून गाडी येतेय, येऊ नका" म्हणून. मागच्या माणसानं काय समजायचं?

डिपरचंही तसंच. समोरच्यानं दिवे उघडझाप केले की आपल्याला वाटतं, तो थांबतोय. आपल्याकडे बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो, "मी येतोय, तुम्ही थांबा."

चौकात सरळ जाताना काही जण चारही इंडिकेटर लावतात. बाजूनं येणाऱ्याला त्यातला एकच दिसतो. त्याला वाटतं, गाडी वळणार. खरं तर ते चार दिवे बंद पडून रस्त्यात थांबलेल्या गाडीसाठी आहेत.

आणि पायी जाणाऱ्या बायांनो, तुम्हीही ऐका. हायवेवर एखादा भला चालक थांबतो आणि हात करतो, "जा ताई." तो स्वतःपुरतं सांगतोय. त्याच्या शेजारून भरधाव येणाऱ्याला तुम्ही दिसतही नाही. त्याच्या गाडीपुढं आलात की थांबा, डोकावून बघा, मगच पुढचं पाऊल टाका.

ट्रकमागचं "हॉर्न ओके प्लीज" आठवतं ना? विनाकारण हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं म्हणून २०१५ मध्ये महाराष्ट्रात ते लिहायला बंदी झाली. खुणांचे मनाने लावलेले अर्थही आपणच सोडून द्यायला हवेत.

मग करायचं काय? पुढच्याचा उजवा दिवा लागला की मागंच राहायचं. पुढचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी मोकळा दिसल्याशिवाय गाडी काढायची नाही. डिपर दिसला की थांबायचं. आपण वळताना इंडिकेटर आधीच द्यायचा, आणि वळून झालं की आठवणीनं बंद करायचा. तो चालू राहिला, तर आपणच दुसऱ्याला फसवतो.

गटाच्या पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला. घरातल्या गाडी चालवणाऱ्या मुलांनाही सांगा. दोन मिनिटं उशीर झाला तरी बाजार कुठं पळून जात नाही.