औंधचं संग्रहालय आणि आपली अडगळीची खोली



गेली पंचवीस वर्षं मी शिकागोत आहे. घरी आलेल्या पाहुण्याला मी आधी आर्ट इन्स्टिट्यूट दाखवतो, कारण १८९३ ची धर्मपरिषद, विवेकानंदांच्या भाषणाची, त्याच इमारतीत भरली होती. पाहुणे हरखतात. मग मी विचारतो, "औंध पाहिलंय?" सातारा-सांगलीकरांचीसुद्धा मान आडवी हलते!

औंधला यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते १९३८ मध्ये उभारलं. संस्थान केवढंसं, पण राजा स्वतः चित्रकार आणि कीर्तनकारही. तिथं रविवर्म्यांची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्पही. याच मूरचं अणुऊर्जेवरचं शिल्प शिकागो विद्यापीठात आहे. ते बघायला लोक विमानानं येतात. औंधला आपली एसटी जाते.

आता मुद्द्याचं. मे महिन्यात शाळेची अडगळीची खोली रिकामी होणार आहे. परवा डोकावून आलो. प्रयोगशाळेचा पितळी तराजू, कापडावर चिकटवलेले नकाशे, कर्कटकानं नावं कोरलेले बाक (कुणाकुणाची, ते इथं सांगत नाही). हे सगळं भंगारवाला किलोवर नेईल. मला एक वर्गखोली आणि दोन काचेची कपाटं हवीत. कपाटांचा खर्च माझा. पण वस्तूंखालच्या चिठ्ठ्या मला एकट्याला लिहिता येणार नाहीत. तराजूची हकिकत विज्ञानाच्या बाईंनाच ठाऊक, आणि त्या समोरच बसल्या आहेत. उद्या सकाळी नऊला खोलीची किल्ली मिळतेय. जुने कपडे घालून या, धूळ फार आहे.