वहीतील साठा आणि फळीवरील माल

(ग्राहक भांडारे, रास्त भाव दुकाने व बचत गटांची विक्रीकेंद्रे यांच्याशी संबंध येणारे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपणांपैकी बहुतेकांनी कधी ना कधी जड वस्तू संग्रह नोंदवही हाताळली असेल. शाळेत मुख्याध्यापक बदलले किंवा ग्रामपंचायतीत अधिकारी बदलले, की कार्यभार घेताना ही वही उघडली जाते. वहीत खुर्च्या ४०, खोलीत मोजाव्यात तर ३४. मग शोध सुरू होतो. २ मोडून अडगळीत पडलेल्या असतात, ३ शेजारच्या अंगणवाडीत गेलेल्या असतात आणि एकीचा पत्ता कोणालाच नसतो. वही लिहिणाऱ्याने खोटे लिहिले होते असे नाही. त्याने लिहिल्यानंतर जे घडले ते वहीपर्यंत पोहोचले नव्हते, इतकेच.

दुकानदारीतील मालसाठ्याचा प्रश्न मुळात हाच आहे. शाळेच्या खुर्च्या वर्षातून एकदा हलतात. दुकानातील माल दर मिनिटाला हलतो, हा त्यातला फरक. या प्रश्नावर गेल्या पाऊणशे वर्षांत जी साधने निघाली, ती कशी चालतात, कुठे उपयोगी पडतात आणि कुठे कमी पडतात, याचा विचार आज आपल्याला करावयाचा आहे. यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. म्हणून जे मला समजले तेवढेच आणि साध्या भाषेत सांगण्याचा प्रयत्न करतो.

गावातील जुना वाणी आपला साठा डोळ्यांनी मोजत असे. साखरेचे पोते किती उरले, काड्यापेटीचा पुडा कधी संपेल, हे त्याला वही न उघडता सांगता येई. दीड-दोनशे जिनसांच्या दुकानात हे जमते. परंतु ज्या भांडारात हजारो जिनसा असतात, विकणारे अनेक असतात आणि गिऱ्हाईक स्वतःच माल उचलते, तेथे मालकाची स्मरणशक्ती पुरी पडत नाही. अमेरिकेतील किराणा दुकानांपुढे ही अडचण प्रथम मोठ्या प्रमाणावर उभी राहिली आणि तिच्यावरील उपायही तेथेच शोधला गेला.

सन १९४८ च्या सुमारास फिलाडेल्फिया शहरातील एका किराणा व्यावसायिकाने तेथील ड्रेक्सेल या तंत्रशिक्षण संस्थेकडे विचारणा केली, की गल्ल्यावर वस्तूची माहिती आपोआप नोंदता येईल काय? बर्नार्ड सिल्व्हर व नॉर्मन जोसेफ वुडलँड या दोन तरुणांनी ते काम मनावर घेतले. वुडलँड यांना तारायंत्राची मोर्स लिपी येत होती. तिच्यातील ठिपके व रेघा खाली ओढल्या तर बारीक व जाड रेघांची एक लिपी तयार होते, ही कल्पना त्यांना समुद्रकिनारी वाळूत बोटे ओढताना सुचली. १९५२ मध्ये त्यांना या शोधाचे एकस्व मिळाले. परंतु रेघा वाचणारा स्वस्त लेसर व हिशेब ठेवणारा आटोपशीर संगणक त्या काळी उपलब्ध नव्हता. म्हणून ही कल्पना जवळजवळ वीस वर्षे कागदावरच राहिली. १९७३ मध्ये तेथील किराणा व्यवसायाने जॉर्ज लॉरर यांनी सिद्ध केलेली रेघांची पद्धत मान्य केली आणि २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय या गावी, एका सुपरमार्केटच्या गल्ल्यावर, च्युइंगमचे एक पाकीट या पद्धतीने प्रथम विकले गेले. आज साबणाच्या वडीवर दिसणारा बारकोड तो हाच.

या रेघांत असते काय? पुष्कळांचा समज असा, की त्यांत किंमत लिहिलेली असते. तसे नाही. तेथे केवळ एक क्रमांक असतो, बहुधा १३ अंकी. किंमत असते ती दुकानाच्या संगणकात. म्हणूनच वेष्टनावरील कमाल किरकोळ किंमत आणि बिलात लागलेली किंमत ताडून पाहणे हे ग्राहकाचे कर्तव्य ठरते. आरंभीचे ८९० हे अंक त्या क्रमांकाची नोंदणी भारतातील संस्थेमार्फत झाली असे दर्शवितात. माल भारतातच तयार झाला, याची ती ग्वाही नव्हे.

शेवटचा अंक तपासणीचा असतो. त्याची रीत शिक्षकांनी वर्गात अवश्य करून दाखवावी. उदाहरणादाखल ८९०१२३४५६७८९ हे १२ अंक घ्या. पहिला, तिसरा, पाचवा असे विषम स्थानांवरील अंक मिळवा, बेरीज २८. सम स्थानांवरील अंकांची बेरीज ३४. तिला ३ ने गुणल्यास १०२. दोन्ही मिळून १३०. पुढच्या दशकापर्यंत पोहोचण्यास जेवढे कमी पडतात तेवढा तपासणी अंक. येथे काहीच कमी पडत नाही, म्हणून तेरावा अंक ०. आता सहाव्या स्थानावरील ३ चुकून ४ वाचला गेला, तर एकूण बेरीज १३३ होईल, तपासणी अंक ७ यावयास हवा, आणि यंत्र तो क्रमांक नाकारील. तेव्हा वाचनातील चूक बव्हंशी यंत्रच पकडते. पुढे आपण पाहणार आहोत, की खऱ्या चुका वाचनात होतच नाहीत.

बारकोडला दोन मर्यादा आहेत. एक अशी, की प्रत्येक वस्तू यंत्रासमोर धरावी लागते. दुसरी अशी, की एकाच प्रकारच्या सर्व पुड्यांवर एकच क्रमांक असतो. हा पुडा कोणता आणि तो कोणता, हे त्यातून कळत नाही. या मर्यादा ओलांडण्याचे काम रेडिओ लहरींवर चालणारा टॅग करतो. त्याला आरएफआयडी असे म्हणतात. त्याचे मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. येणारे विमान आपले की शत्रूचे, हे रेडिओ लहरींच्या प्रश्नोत्तरातून ओळखण्याची युक्ती तेव्हा वापरली गेली. दुकानी मालावरील टॅगमध्ये एक सूक्ष्म चकती व धातूची पातळ तार असते, बॅटरी नसते. वाचक यंत्राने सोडलेल्या लहरींतूनच त्याला क्षणभर शक्ती मिळते आणि तो आपला क्रमांक परत पाठवितो. हा क्रमांक प्रत्येक नगास वेगळा देता येतो. शिवाय वस्तू समोर धरावी लागत नाही. बंद खोक्यातील शंभर सदरे काही सेकंदांत मोजले जातात. मोटारीच्या काचेवरील फास्टॅग, जो २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरील टोलनाक्यांवर अनिवार्य झाला, तो याच कुळातील होय.

अमेरिकेतील वॉलमार्ट या विशाल किरकोळ विक्री कंपनीने २००३ मध्ये आपल्या १०० प्रमुख पुरवठादारांना जानेवारी २००५ पासून खोक्यांवर असे टॅग लावण्यास सांगितले. अर्कान्सास विद्यापीठाने २००५ मध्ये केलेल्या पाहणीत अशा दुकानांत फळीवरून माल संपून जाण्याचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. तरीसुद्धा किराणा मालात ही पद्धत अपेक्षेप्रमाणे सर्वत्र पसरली नाही. धातू रेडिओ लहरी परतवून लावतो आणि पाणी त्या शोषून घेते. त्यामुळे तेलाचे डबे व सरबताच्या बाटल्या यांवरील टॅग नीट वाचले जात नाहीत. शिवाय टॅगला काही रुपये पडतात; पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याला तो परवडावा कसा? तयार कपड्यांच्या व्यवसायात मात्र तो चांगला रुजला, कारण तेथे एकाच सदऱ्याची अनेक मापे व अनेक रंग असतात आणि नगाची किंमतही टॅगचा खर्च सोसण्याइतकी असते. साधन मालाच्या प्रकृतीप्रमाणे निवडावे लागते, हा यातून घ्यावयाचा पहिला धडा.

दुसरा धडा अधिक महत्त्वाचा आहे. निकोल डीहोरेशियस व अनंत रामन या अभ्यासकांनी अमेरिकेतील एका मोठ्या किरकोळ विक्री कंपनीच्या ३७ दुकानांतील सुमारे ३ लाख ७० हजार साठा-नोंदी प्रत्यक्ष मालाशी ताडून पाहिल्या. त्यांचा निबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना सुमारे ६५ टक्के नोंदी चुकलेल्या आढळल्या. संगणक असतानाही हे का व्हावे?

एक साधे उदाहरण घेऊ. गिऱ्हाईक केळ्याच्या स्वादाचे २ व आंब्याच्या स्वादाचे २ असे बिस्किटांचे ४ पुडे आणते. किंमत सारखीच. गल्ल्यावरचा माणूस घाईत एकच पुडा यंत्रासमोर ४ वेळा धरतो. पैसे बरोबर, बिल बरोबर, गिऱ्हाईक खूश. पण संगणकाच्या लेखी केळ्याचे ४ पुडे गेले आणि आंब्याचा एकही गेला नाही. असे महिनाभर चालले, म्हणजे आंब्याची फळी रिकामी पडते आणि संगणक मात्र म्हणतो, माल भरपूर आहे. भरपूर आहे म्हणून तो नवी मागणी नोंदवीत नाही. फुटलेली बाटली, उंदरांनी कुरतडलेले पाकीट, चोरीस गेलेली वस्तू, चलनावर ५० असून प्रत्यक्षात ४८ उतरलेली खोकी, या प्रत्येकाचा परिणाम हाच होतो. यंत्राने क्रमांक अचूक वाचला. परंतु जे यंत्रासमोर आलेच नाही, ते त्याला कसे कळणार?

हे सारे शहरातील बड्या दुकानांपुरते आहे, असे मात्र समजू नये. आपल्या गावातील रास्त भाव दुकानात ई-पॉस यंत्र आहे. शिधापत्रिकाधारकाची ओळख पटवून झालेले वाटप त्यावर नोंदले जाते आणि दुकानाच्या शिल्लक साठ्यातून ते वजा होते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्याचा हक्क आहे. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. आता समजा, यंत्राप्रमाणे दुकानात ५० किलोचे ३६ कट्टे शिल्लक आहेत आणि प्रत्यक्षात भरले ३३. तूट ३ कट्ट्यांची, म्हणजे १५० किलोची. कागदावर ही तूट क्षुल्लक दिसते. पण ५ किलोच्या हिशेबाने ती ३० माणसांचे एका महिन्याचे धान्य आहे. बिस्किटाची फळी रिकामी दिसली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाईल. ज्या बाईने अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून रांग धरली, तिने कुठे जावे?

उलट प्रकारही संभवतो. यंत्रावर अंगठा उमटला, नोंद पूर्ण झाली, आणि हातात धान्य कमी पडले. अशा वेळी साठ्याची नोंद अगदी बिनचूक दिसते आणि तीच असत्य असते. यावर उपाय नव्या यंत्राचा नाही. छापील पावती मागून घेणे, ती वाचता येणे आणि तिच्यावरील वजन तराजूवरील वजनाशी ताडून पाहणे, हाच तो उपाय होय. लिहिता-वाचता न येणाऱ्या शेजारणीची पावती शाळेतील मुलाने वाचून दाखविली, तर त्या शाळेने समाजाचे मोठे काम केले असे मी म्हणेन. याच अधिनियमाने रास्त भाव दुकानाच्या पातळीपर्यंत दक्षता समित्यांची तरतूद केली आहे. पंचायत सदस्यांनी समितीच्या बैठकीत केवळ इतिवृत्तावर सह्या न करता, यंत्रावरील शिल्लक पाहून त्याच वेळी कट्टे मोजावेत. या मोजणीला दहा मिनिटे पुरतात.

बचत गटांच्या विक्रीकेंद्रांना व लहान ग्राहक भांडारांना चार गोष्टी सुचवितो. माल उतरला की चलनावर सही करण्यापूर्वी मोजावा. मोडतोड व खराब झालेला माल त्याच दिवशी नोंदीतून कमी करावा. त्यात कमीपणा मानू नये. सर्व मालाची मोजणी वर्षअखेरीवर न ढकलता रोज ८-१० जिनसा आळीपाळीने मोजाव्यात, म्हणजे दोन-तीन महिन्यांत सारे भांडार एकदा मोजून होते. आणि नोंद करणारी व्यक्ती व मोजणी करणारी व्यक्ती शक्यतो वेगळी असावी. यासाठी संगणक असलाच पाहिजे असे नाही. एक वही व प्रामाणिक हात पुरेसे आहेत. पुढे व्यवहार वाढला की बारकोड घ्यावा, आणि मालाची किंमत तेवढी असेल तरच टॅगचा विचार करावा.

मोजणीत तफावत निघाली, तर पहिला प्रश्न ‘कोणी चोरले?’ असा विचारू नये. ‘कोणत्या टप्प्यावर नोंद सुटली?’ असा विचारावा. पहिल्या प्रश्नाने माणसे तफावत लपवू लागतात, दुसऱ्याने ती दाखवू लागतात. दाखविलेली तफावत दुरुस्त करता येते.

आरंभीच्या खुर्च्यांकडे पुन्हा येतो. त्या ४० खुर्च्यांना उत्तम टॅग लावले असते, तरी अंगणवाडीत गेलेल्या ३ खुर्च्यांची नोंद कोणीतरी करावीच लागली असती. नोंद आणि वस्तू यांतील अंतर कमी करण्याचे काम यंत्र झपाट्याने करते, परंतु ते अंतर आहे की नाही, हे अधूनमधून स्वतः जाऊन पाहण्याचे काम आपलेच राहते. आपण येथून परत गेल्यावर, आपल्या अखत्यारीतील एखाद्या दुकानाची, भांडाराची किंवा शाळेच्या धान्यकोठीची नोंद काढून तेथील माल एकदा समक्ष मोजावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.