समुद्राखालचा खडक आणि वरची माणसे



माझे शाळेतले शिक्षण थोडे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतील कपाटाने केले. अशा माणसाने भूगर्भशास्त्रावर बोलावे काय, असे कोणी विचारील. माझे म्हणणे इतकेच की, ज्या खडकावर कामगाराचे पोट आणि प्राण दोन्ही अवलंबून, तो खडक कामगाराला ठाऊक असला पाहिजे.

स्कॉटलंडमधील ॲबरडीनच्या ईशान्येला, सुमारे १९० किलोमीटरवर, उत्तर समुद्रात 'पायपर' नावाचे तेलक्षेत्र आहे. ते १९७३ साली सापडले. तेथे पाणी सुमारे १४४ मीटर खोल. तेलाचा खडक समुद्रसपाटीखाली जवळजवळ अडीच किलोमीटरवर. त्याचे वय पंधरा-सोळा कोटी वर्षे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे हा त्याच्या दुपटीहून वडील.

त्या काळी तेथे उथळ समुद्र होता. किनाऱ्यालगत लाटांनी वाळू पसरली, पाणी संथ झाले तेथे गाळ बसला. वाळूचा वालुकाश्म झाला, गाळाचा पापुद्र्यांचा शेल झाला. असे थर एकावर एक चढले. त्यांवर किमरिज क्ले नावाचा काळा शेल बसला. समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचे अवशेष त्यात गाडले गेले. जेथे तो फार खोल दबला, तेथे उष्णतेने त्यांचे तेल झाले.

खाली तेलाचे तळे आहे असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. आपल्या घरचा माठ पाहा. माठ झिरपतो, कारण त्याच्या अंगात बारीक छिद्रे असतात. चिनी मातीची बरणी झिरपत नाही. वालुकाश्म हा माठासारखा. पायपरच्या वालुकाश्मात जवळजवळ चौथा हिस्सा पोकळीच आहे. शेल बरणीसारखा, तो तेलाला वर निसटू देत नाही. वालुकाश्माने साठवायचे आणि शेलने अडवायचे, अशी ही वाटणी कोट्यवधी वर्षे बिनतक्रार चालली.

मग माणसाने भोक पाडले. १९७६ च्या डिसेंबरात 'पायपर अल्फा' या फलाटावरून तेल निघू लागले. निसर्गाचे झाकण उघडले, तेव्हा त्याची जागा माणसाच्या झडपेने आणि शिस्तीने घ्यायला हवी होती.

६ जुलै १९८८ रोजी दुरुस्तीसाठी एका पंपाची सुरक्षा-झडप काढली होती आणि तेथे नुसती चकती बसवली होती. हे रात्रपाळीला कळले नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, म्हणून हाच सुरू केला. वायू सुटला, स्फोट झाला. पाण्यात पाणबुडे काम करतात म्हणून आग विझवण्याचे पंप आपोआप सुरू न होतील असे ठेवले होते. शेजारच्या फलाटांवरून येणाऱ्या नळांनी आगीला खाद्य पुरवले. १६७ माणसे गेली.

लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा अहवाल १९९० साली आला. त्यात १०६ शिफारशी होत्या. फौजदारी खटला मात्र कोणावर झाला नाही. कामगारांनी १९८९ साली आपली स्वतंत्र समिती उभारली आणि १९९० साली फलाटांवर ठाण मांडले. सुरक्षेची देखरेख ऊर्जा खात्याकडून काढून वेगळ्या यंत्रणेकडे गेली. तेल काढायला लावणारा आणि सुरक्षा तपासणारा एकच असू नये, हा त्यातला मुद्दा.

आपल्या मुंबई हायचा मुख्य तेलखडक चुनखडीचा. तरी २७ जुलै २००५ रोजी तेथेही आग लागली, २२ जण गेले. खडक निराळा, समुद्र निराळा, मरणारे त्याच वर्गातले.

पायपरच्या त्याच खडकातून १९९३ पासून नव्या फलाटाने पुन्हा तेल काढले. खडकाचा दोष असता तर ते धाडस कोण करता? म्हणून अपघाताला 'दैव' म्हणणाऱ्याला विचारा : झडप कोणी काढली, कोणाला सांगितली, कागद कोठे आहे? पाळी बदलताना हे विचारण्याचा हक्क प्रत्येक कामगाराला मिळाला पाहिजे, आणि त्याने तो रोज बजावला पाहिजे.