कंत्राट मेहुण्याचे, सही सरपंचाची

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



1880 साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यावयाचे होते. त्यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने हजार रुपये खर्चावेत असा प्रस्ताव आला, तेव्हा विरोधी मत देणारे सभासद एकटे महात्मा जोतीराव फुले होते. ही गोष्ट कार्यकर्त्यांना ठाऊक असते. परंतु फुले स्वतः कंत्राटदार होते आणि खडकवासल्याच्या धरणास त्यांनी माल पुरविला होता, हे फारसे सांगितले जात नाही. बांधकाम खात्यातील लबाडी त्यांनी धंद्यातूनच पाहिली आणि तिच्यावर कोरडे ओढले. तेव्हा कंत्राटदार तेवढा अप्रामाणिक, असे मानण्याचे कारण नाही. प्रश्न निराळा आहे. कंत्राट घेणाऱ्यानेच ते मंजूर करावे काय?

1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम 14 याचे स्पष्ट उत्तर देते. पंचायतीच्या कामात वा कंत्राटात ज्याचा प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष हितसंबंध आहे, तो सभासद राहण्यास अपात्र ठरतो. येथे चोरी सिद्ध करावी लागत नाही; हितसंबंध सिद्ध झाला की पुरे. त्यामागे साधे अर्थशास्त्र आहे. विकणारा दर चढवू पाहतो, घेणारा उतरवू पाहतो. या ओढाताणीतच ग्राहकाचे रक्षण होते. गावच्या गटाराच्या व्यवहारात दोन्ही बाजूंस एकच मनुष्य बसला की ओढाताण संपते, आणि पहिल्याच पावसाळ्यात गटार खचते. ते बहुधा ज्या वस्तीत खचते, तिला पंचायतीत आवाज नसतो.

पळवाट शोधली जाते ती ‘अप्रत्यक्ष’ या शब्दात. कंत्राट मेहुण्याच्या नावे, बिल भावाच्या नावे, सही मात्र सरपंचाची. गोव्यातील एका पंचायत सदस्येच्या पतीने पंचायतीचे कंत्राट घेतले होते. तेथील कायद्यानुसार पतिपत्नींची मिळकत सामाईक असल्याने तिचाही त्यात हितसंबंध आहे, असा निर्णय 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. इतरत्र मात्र नाते दाखवून भागत नाही, पैशाचा धागा दाखवावा लागतो. तो दाखविण्याची खटपट करतो बहुधा पराभूत गट. मग जिल्हाधिकाऱ्यांपुढील तक्रार ही गावकीच्या हेव्यादाव्याची लढाई होते, आणि गटबदल होताच ती मागे घेतली जाते.

2015 पासून वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतींच्या खात्यात येऊ लागला. सत्तेच्या विकेंद्रीकरणाची मागणी समाजवाद्यांनी आयुष्यभर केली. त्या विकेंद्रीकरणातून गावोगाव लहान मक्तेदार निपजले, तर लोक पुन्हा कलेक्टर कचेरीवरच विश्वास टाकतील, आणि त्याचा दोष त्यांना देता येणार नाही.

म्हणून पक्षाने आरंभ घरापासून करावा. उमेदवारी देतानाच स्वतःचे व कुटुंबीयांचे धंदे लेखी घ्यावेत आणि तो कागद ग्रामसभेत वाचावा. नातलगाचा विषय निघताच सभासदाने उठून जावे व तशी नोंद इतिवृत्तात करवून घ्यावी. बिले व मोजमाप पुस्तिका माहितीच्या अधिकाराने मागविणे हे कार्यकर्त्याचे नित्याचे काम असावे, पंचायत पक्षाच्या ताब्यात असतानासुद्धा. विरोधकाची बिले तपासण्यास धैर्य फारसे लागत नाही. ते लागते आपल्या सरपंचाची तपासण्यास.