आधी छप्पर, मग सौर पॅनेल



या अधिवेशनात जमलेल्या आपणा सर्वांच्या, म्हणजे जुन्या वास्तू सांभाळणाऱ्यांच्या, कामात हल्ली एक प्रश्न वारंवार समोर येतो. शतकानुशतकं उभ्या असलेल्या वास्तूच्या छपरावर सौर पॅनेल बसवावीत का? या प्रश्नाचा फार मोठा आणि शिस्तशीर अनुभव इंग्लंडच्या खेड्यांतल्या चर्चना येतो आहे. म्हणून आज मी त्यांच्याबद्दल बोलणार आहे.

चर्च ऑफ इंग्लंडकडे सुमारे १६,००० चर्च आहेत. त्यांपैकी १२,०००हून अधिक वारसा-यादीत आहेत. देशातल्या सर्वोच्च श्रेणीच्या वारसा-वास्तूंपैकी जवळजवळ ४५ टक्के याच संस्थेच्या ताब्यात आहेत. तरीही गावातलं चर्च प्रत्यक्ष सांभाळतात ते धर्मग्रामातले मोजके लोक, आणि बहुतेक खर्च तेच उभा करतात. फेब्रुवारी २०२०मध्ये चर्चच्या महासभेनं, म्हणजे जनरल सिनडनं, २०३०पर्यंत कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचा ठराव केला. तेव्हापासून गावोगावच्या चर्चमध्ये छपराची चर्चा वाढली.

या चर्चच्या रचनेत सौरऊर्जेला अनुकूल अशी एक गोष्ट मुळातच आहे. वेदी पूर्वेला ठेवायची परंपरा असल्यानं इमारत पूर्व-पश्चिम लांब असते आणि मुख्य दालनाच्या छपराचा एक अख्खा उतार दक्षिणेला तोंड करून असतो. त्या अक्षांशावर सूर्य दक्षिणेकडून तळपतो. शिवाय पंधराव्या शतकात लोकरीच्या व्यापारातून सफोक आणि कॉट्सवोल्ड भागांत जी श्रीमंत चर्च उभी राहिली, त्यांतल्या अनेकांची छपरं कमी उताराची, शिशाच्या पत्र्यांनी मढवलेली आणि दगडी कठड्याआड दडलेली आहेत. तिथे बसवलेली पॅनेल खालून दिसतही नाहीत. ग्लॉस्टरशायरमधल्या विदिंग्टन गावाच्या नॉर्मनकालीन चर्चनं कठड्यामागे अशीच पॅनेल बसवली आणि उबेसाठी लाकडी गोळ्यांवर चालणारा बॉयलर घेतला.

पण पॅनेल दिसत नाहीत एवढ्यानं संवर्धन साधत नाही. मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो शिशाचा पत्रा. शिसं उन्हानं पसरतं, थंडीनं आकसतं. म्हणून जुन्या कारागिरांनी पत्रे लहान ठेवले आणि त्यांचे सांधे लाकडी गोल पट्ट्यांवर वळवून घेतले. पॅनेलच्या चौकटीनं ही हालचाल अडवली तर पत्रा चिरतो. पत्र्याला भोक पाडलं तर पाणी थेट खालच्या ओकच्या फळ्यांत उतरतं. त्यामुळे चौकट छेद न देता बसवावी लागते, आणि वारा ती उचलणार नाही याचा हिशेब आधी करावा लागतो. कठड्यालगतच्या पन्हळीत पानं साचली की तुळयांची टोकं कुजायला लागतात, म्हणून तिथे सफाईला माणूस जाईल एवढी वाट सोडावी लागते. माळ्यावर वटवाघळं असतील तर कायद्यानं त्यांना संरक्षण आहे. त्यांचा विचार करून कामाचा हंगाम ठरवावा लागतो. आणि एक हृद्य गोष्ट. या पत्र्यांवर शिसेकाम करणाऱ्यांनी आणि गावकऱ्यांनी आपल्या बुटांच्या, पंजांच्या आकृत्या नावासकट, सालासकट कोरून ठेवलेल्या सापडतात. पॅनेलखाली जाण्याआधी त्यांची नोंद झालीच पाहिजे.

आता काळाचा हिशेब पाहू. शिशाचं चांगलं छप्पर शंभर वर्षं आणि त्याहूनही अधिक टिकतं. पॅनेल पंचवीस-तीस वर्षं चालतात, इन्व्हर्टर दहा-पंधरा. म्हणजे पॅनेल हा त्या छपरावरचा पाहुणा आहे. तो जाताना घराला खरचटता कामा नये. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज चॅपलवर २०२३मध्ये ४३८ पॅनेल बसली. हे गावचं चर्च नव्हे, आणि या कामावर वारसा-जाणकारांचे आक्षेपही होते. पण ती पॅनेल तिथे बसली ती जुनं शिसं बदलायचंच होतं तेव्हा. मला या उदाहरणातला तो क्रम मोलाचा वाटतो. मचाण एकदाच बांधलं, छप्पर निरोगी झालं आणि मग त्यावर पॅनेल आली.

दुसरा प्रश्न गरजेचा. इंग्लंडमधल्या चर्चची साधारण ८० टक्के ऊर्जा उबेसाठी जाते. ऊब हवी असते हिवाळ्यात, आणि डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा. गावचं चर्च बहुधा रविवारी काही तासच गजबजतं. उरलेल्या आठवड्यात तयार झालेली वीज बाहेरच्या वीजजाळ्यात जाते. अशा विजेसाठी ठरावीक मोबदला देणारी फीड-इन टॅरिफ योजना नव्या ग्राहकांसाठी मार्च २०१९ अखेर बंद झाल्यानंतर त्या विजेला मिळणारा मोबदलाही घटला. म्हणून तिथले जाणते लोक आधी गळकं छप्पर, फुटक्या काचा आणि दारांच्या फटी पाहतात. अख्खं दालन तापवण्यापेक्षा बाकाखाली माणसापुरती ऊब देतात. पॅनेलचा विचार त्यानंतर येतो. ज्या चर्चमध्ये दिवसा पोस्ट, वाचनालय किंवा पाळणाघर चालतं, तिथे पॅनेलचा खरा उपयोग होतो.

परवानगीची पद्धतही समजून घेण्याजोगी आहे. चर्चमधल्या बदलांना धर्मप्रांताचे न्यायाधीश, म्हणजे चॅन्सेलर, मंजुरी देतात. तज्ज्ञांचं सल्लागार मंडळ त्यांना मत देतं. बाहेरून दिसणाऱ्या बदलाला स्थानिक नियोजन खात्याची परवानगी वेगळी लागते. २०१२ साली डफिल्ड गावच्या चर्चच्या प्रकरणात वरिष्ठ धर्मन्यायालयानं काही प्रश्न घालून दिले. या बदलानं वास्तूच्या महत्त्वाला हानी होते का? होत असेल तर किती? बदलामागचं कारण किती ठोस आहे? लोकांचा लाभ त्या हानीहून मोठा आहे का? हे प्रश्न आपल्याकडेही जसेच्या तसे विचारता येतील.

काही ज्येष्ठ सहकारी म्हणतात, जुन्या छपराला हातच लावू नये. त्यांची काळजी मला मान्य आहे. पण हीच चर्च गेल्या पाचशे वर्षांत किती बदलली! धर्मसुधारणेच्या काळात भिंती चुन्यानं पांढऱ्या झाल्या, राणी व्हिक्टोरियाच्या काळात डागडुजीच्या नावाखाली बरंच उखडलं गेलं, पुढे विजेचे दिवे आले. त्या उखडण्याविरुद्धच १८७७मध्ये इंग्रज कवी-कलाकार विल्यम मॉरिस यांनी प्राचीन वास्तूंच्या संरक्षणासाठी संस्था काढली. तिनं पुनर्निर्मितीऐवजी नित्य दुरुस्तीचा आग्रह धरला. छप्पर आधी नीट करा आणि पॅनेल परत काढता येतील अशीच बसवा, हे म्हणणं त्या आग्रहाला धरूनच आहे.

मित्रहो, वसईतली, गोव्यातली जुनी चर्च आणि कोकणातली कौलारू मंदिरं आपली जबाबदारी आहेत. आपली परिस्थिती वेगळी आहे. आपल्याला ऊब नको, पंखे हवेत. उन्हाळ्यात सूर्य भरपूर आणि पंख्यांची गरजही तेव्हाच. पण कौलांवर पाय पडला की ती फुटतात, आणि पावसाळ्याआधीची शाकारणी चुकली की वासे भिजतात. पॅनेलखाली कौलं कायमची झाकली गेली तर शाकारणी कोण आणि कशी करणार? शेजारी शाळेची किंवा सभागृहाची स्लॅबची इमारत असेल, तर पॅनेलची पहिली जागा ती आहे. जुनं छप्पर शेवटचा पर्याय.

म्हणून या अधिवेशनापुढे मी तीन सूचना ठेवतो आहे. प्रत्येक वास्तूच्या छपराची मोजमापांसह आणि छायाचित्रांसह नोंद करावी. वर्षभराची वीजबिलं महिन्यावार मांडून वापर कधी आणि कशासाठी होतो ते पाहावं. आणि पॅनेलच्या प्रत्येक प्रस्तावासोबत ती काढण्याची योजना व शाकारणीची वाट नकाशावर दाखवावी. ही योजना आणि वाट दाखवलेली नसेल तर आपण सही करू नये. सही नाकारायला धैर्य लागतं, विशेषतः विश्वस्त अनुदानाची मुदत दाखवत उभे असतात तेव्हा. ते धैर्य आपण एकमेकांना द्यायचं आहे, आणि छप्पर सुदृढ असेल तिथे तितक्याच ठामपणे होकारही द्यायचा आहे.