आजाराचा पत्ता



जागतिक आरोग्य आणि मानवी हक्क हे शब्द उच्चारले की डोळ्यांपुढे जिनीव्हा शहर येते, मोठमोठ्या परिषदा येतात, कानाला यंत्रे लावून भाषणे ऐकणारे देशोदेशींचे प्रतिनिधी येतात. वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना या विषयाची ओढ वाटू लागली आहे, ही आनंदाची गोष्ट. पण आज मी तुम्हांला जिनीव्हाला नेणार नाही. मध्य रेल्वेच्या उल्हासनगर स्थानकावर उतरू आणि नेहरू चौकाच्या बाजूने कॅम्प नंबर दोनमध्ये जाऊ.

हा ‘कॅम्प’ शब्द इथे कुठून आला? दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराने एक तात्पुरती छावणी उभारली. दोन हजारांवर बराकी होत्या. युद्ध संपले, देशाची फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार सोडून आलेल्या निर्वासितांना या बराकींत आसरा मिळाला. त्यांची संख्या लाखाच्या घरात होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. छावणीचे शहर झाले, पण कॅम्प एक, कॅम्प दोन हे आकडे लोकांच्या तोंडी तसेच राहिले.

आता याच सुमाराच्या दोन तारखा ऐका. ७ एप्रिल १९४८ रोजी जागतिक आरोग्य संघटना स्थापन झाली. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. त्याच्या पंचविसाव्या कलमात म्हटले आहे की, आरोग्य राखता येईल असे राहणीमान हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि त्यात अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार हे सारे आले. त्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघेल असा शब्द होता. तिथे ‘सर्व मानव’ असे स्वच्छ लिहिले गेले, ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे. तिकडे शब्दांची ही निवड चालली होती, तेव्हा इकडे बराकींत पडद्यांच्या आडोशाने कुटुंबे संसार मांडत होती. म्हणजे ज्यांच्यासाठी ते कलम लिहिले गेले, त्यांतले काही लोक याच कॅम्पात राहत होते.

विद्यार्थ्यांचा या कामाशी काय संबंध, असे कुणी विचारील. तर शेजारच्या कल्याणकडे बघा. कल्याणची यमुना, म्हणजेच पुढची आनंदीबाई जोशी, चौदाव्या वर्षी आई झाली आणि तिचे बाळ अवघ्या दहा दिवसांचे होऊन गेले. १८८३ साली परदेशी निघताना तिने श्रीरामपूरच्या सभेत आपली बाजू मांडली. पुरुष डॉक्टरापुढे बोलायला संकोचणाऱ्या बायका उपचारांवाचून राहतात, म्हणून स्त्री डॉक्टर हवी, असे तिचे म्हणणे होते. ‘हक्क’ या शब्दाचा डांगोरा तिने पिटला नाही, पण मुद्दा हक्काचाच होता. फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयात तिच्याबरोबर जपानची केइको ओकामी आणि सीरियाची साबात इस्लांबुली शिकत होत्या. १८८५ सालचे तिघींचे एकत्र छायाचित्र आजही पाहायला मिळते. मार्च १८८६ मध्ये ती डॉक्टर झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेली. तेव्हा तिला बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन काही घडवल्याचे अलीकडचे उदाहरणही आहे. २००१ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात काही विद्यार्थ्यांच्या ध्यानात आले की, एड्सवरील एका औषधाचे पेटंट आपल्याच विद्यापीठाकडे आहे आणि दक्षिण आफ्रिकेतील रोग्यांना मात्र ते औषध परवडत नाही. यांत वैद्यकाचेच नव्हे, कायद्याचेही विद्यार्थी होते. परदेशात सेवा करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेबरोबर त्यांनी विद्यापीठाकडे दाद मागितली. ज्या प्राध्यापकांच्या संशोधनातून ते औषध आले होते, त्यांनीही विद्यार्थ्यांची बाजू घेतली. अखेर त्या देशात पेटंटचा अडसर दूर झाला आणि किंमत कोसळली. ते औषध दुष्परिणामांमुळे पुढे मागे पडले, पण पायंडा पडला तो पडलाच. त्याच वर्षी आपल्या मुंबईच्या सिप्ला कंपनीने एड्सची तीन औषधे मिळून वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली. त्याआधी याच उपचाराला वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर पडत असत.

आणि क्षयाचे काय? जगातील दर चार क्षयरोग्यांमागे साधारण एक भारतात आहे. साध्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर बेडाक्विलीन नावाची गोळी आहे. तिच्या पेटंटची मुदत वाढू नये म्हणून दोन तरुणींनी भारतीय पेटंट कार्यालयात हरकत घेतली. एक मुंबईची नंदिता वेंकटेशन, दुसरी दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले. दोघीही क्षयातून उठलेल्या आणि उपचारातल्या औषधांपायी ऐकू येणे गमावून बसलेल्या. मार्च २०२३ मध्ये कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. या दोघी डॉक्टर नव्हेत, रोगी होत्या. आपल्या विद्यार्थी मित्रांनी हे विशेष लक्षात ठेवावे. हक्काच्या कामात रोगी हा आपल्या दयेचा विषय नसतो. पुष्कळदा तो आपल्यापुढे चालत असतो.

आता पुन्हा कॅम्प नंबर दोनमध्ये येऊ. समजा, कापडबाजारामागच्या गल्लीत एक बाई घरी बसून शिवणकाम करते आहे. नगावर मजुरी. महिनाभर खोकला आहे. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, हे खरे. पण तपासणीला गेले की दिवस बुडतो. रोग कळला तर काम देणारा काम बंद करील ही धास्ती. सहा महिने गोळ्या घ्यायच्या, त्या पोटात अन्न नसेल तर सोसत नाहीत. सरकार क्षयरोग्याला आहारासाठी दरमहा पैसे देते. २०१८ साली ते पाचशे रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. पण ते बँकेच्या खात्यात जमा होतात. खातेच नसेल किंवा कागदावरचे नाव जुळत नसेल, तर? पुस्तकात या आजाराचे जंतू आहेत, औषधे आहेत, मात्रा आहेत. आजाराचा पत्ता मात्र पुस्तकात नाही. तो या गल्लीत आहे.

अन्नाची गोष्ट मी वरवर बोलत नाही. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना दरमहा शिधा दिला. २०२३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या घरी शिधा पोचला, तिथे इतरांना क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी भरले. डाळ-तांदूळ हेही औषधच ठरले म्हणायचे.

मग विद्यार्थ्यांनी करावे काय? उत्साही मुले आरोग्य शिबिर भरवतात. आपण त्यालाही ‘कॅम्प’च म्हणतो. सकाळी मांडव पडतो, रक्तदाब मोजतात, साखर तपासतात, छायाचित्रे निघतात आणि संध्याकाळी सारे उठते. मला इथे परखड बोलले पाहिजे. एखाद्या माणसाला तुझी साखर वाढली आहे एवढे सांगून निघून जाणे म्हणजे त्याच्या डोक्यावर काळजी ठेवून जाणे. पुढे कुठे जायचे, कुणाला भेटायचे, औषध कुठे मिळेल, हे ज्याला सांगता येत नाही त्याने सुई टोचू नये. तसेच, जे काम आपल्याला शहरातल्या मोठ्या रुग्णालयात कुणी करू देणार नाही, ते गरिबाच्या वस्तीत शिकाऊ हाताने करून बघणे हीसुद्धा हक्काची पायमल्लीच आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

याला दुसरा रस्ता आहे आणि तो आपल्या महाराष्ट्रातच आहे. १९६९ साली सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तिथे विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी सुरुवातीलाच पंधरा दिवस एका खेड्यात राहते आणि पुढेही त्या गावाशी संबंध ठेवते. १९७० साली आरोळे दांपत्याने जामखेडला काम सुरू केले. तिथे गावच्या कमी शिकलेल्या बायाच आरोग्याच्या कार्यकर्त्या झाल्या आणि देशोदेशीचे डॉक्टर त्यांच्याकडे शिकायला येऊ लागले. अलीकडे एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातही प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबे दत्तक घ्यावीत असा कार्यक्रम आला आहे. दत्तक हा शब्द मला जरा खटकतो. सत्तर वर्षांच्या आजीला वीस वर्षांचा पोरगा दत्तक कसा घेणार? आजीनेच त्याला घेतले तर तो काही शिकेल. शिवाय हा कार्यक्रम प्रामुख्याने खेड्यांसाठी आहे. शहरातल्या गल्ल्यांनाही त्याची तेवढीच गरज आहे.

एका तुकडीने कॅम्प दोनमधली एकच गल्ली धरावी आणि शिक्षण संपेपर्यंत सोडू नये. सिंधी आजींशी बोलता येईल इतके सिंधी शिकावे. दुखते कुठे, केव्हापासून, जेवलात का, एवढे आले तरी पुष्कळ. कुणाचे खाते उघडायचे राहिले, कुणाच्या गोळ्या संपत आल्या, याची वही ठेवावी आणि ती वही वरिष्ठांपुढे, नगरसेवकापुढे ठेवायला भिऊ नये. रुग्णालयात दहाजण मिळून एका बाईला तपासायचे असेल तर आधी तिला विचारावे, पडदा ओढावा, आणि ती नाही म्हणाली तर तिचे नाही ऐकावे. याला पदवी लागत नाही.

कायदाही आपल्या बाजूला आहे. १९९२ साली बंगालमध्ये गाडीतून पडलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तातडीचे उपचार नाकारणे म्हणजे जगण्याचा हक्क नाकारणे होय, आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला चालणार नाही. रोज गच्च भरलेल्या लोकलगाड्यांनी कामावर जाणाऱ्या उल्हासनगरकरांना या निकालाचे मोल वेगळे सांगायला नको. पण किती विद्यार्थ्यांना तो ठाऊक आहे? आणि किती रोग्यांना?

तरुण मित्रांनो, परदेशी जरूर जा. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस मुंबईत वैद्यक शिकून १९३८ साली चीनला गेले आणि तिथेच सेवा करता करता १९४२ साली वारले; त्यांचे नाव दोन्ही देश घेतात. तुम्हीही जा. फक्त जाण्याआधी एक वर्ष दर रविवारी त्याच एका गल्लीत जा. पहिल्या दोन-तीन महिन्यांत कुणी फारसे बोलणार नाही, कारण मांडव घालून गेलेले पुष्कळ जण त्यांनी पाहिले आहेत. चौथ्या महिन्यात कुणीतरी आपल्या गोळ्यांचे पाकीट तुमच्यापुढे धरील आणि विचारील की, ही आता कुठे मिळेल? त्या प्रश्नाचे नीट उत्तर आणून देणे, हे तुमचे पहिले काम समजा.