शिंगराचें पोट

वसई-विरारकडे भातकापणी झाली कीं पेंढा मुबलक होतो. ठेंगण्या जातीच्या शिंगराला तोच पोटभर घातला, तर त्याचें पोट नगाऱ्यासारखें दिसूं लागतें आणि धनी समजतो, शिंगरानें बाळसें धरलें! अशा वेळीं पाठीवरून हात फिरवावा. कणा व बरगड्या हाताला टोंचल्या, तर ती उपासमारच होय. पेंढ्यांत प्रथिनें अल्प. शिवाय शिंगराचें मोठें आंतडें तो पचविण्याइतकें तयार झालेलें नसतें. जंतांनींहि असेंच पोट सुटतें. तें उतरविण्यासाठीं उपाशी ठेवणें घातक. पशुवैद्याकडून लीद तपासवून जंतांचें औषध द्यावें. कोंवळें गवत व थोडा लसूणघास घालावा. दाणा हळूहळू वाढवावा. अकस्मात् पोट फुगून शिंगरूं लोळूं लागलें, तर मात्र क्षणाचाहि विलंब न करितां पशुवैद्य गांठावा.